नाव बदलले, अर्ज अडला

घरातील दिवे एकाएकी गेले आणि वितळतार उडाल्याचे आढळले, तर तुम्ही काय कराल? दोष कोठे आहे हे न पाहता त्या जागी तांब्याची जाड तार बसविणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. दिवे लागतात, घरातील मंडळी खूश होतात; पण मूळ दोष तसाच राहतो आणि आता त्याला अडविणारे कोणीच उरलेले नसते. वितळतार उडणे हा बिघाड नव्हे, बिघाडाची ती खूण आहे. पदार्थविज्ञानाच्या तासाला वर्षानुवर्षे शिकविलेली ही गोष्ट मला २०२५ च्या जून महिन्यात संगणकासमोर बसून पुन्हा एकदा शिकावी लागली.

घटना अशी. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील एका महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळाचे नाव बदलले. नव्या नावावर संकेतस्थळ उत्तम दिसत होते. छायाचित्रे, वेळापत्रक, सूचना, सारे जागच्या जागी होते. परंतु प्रवेशअर्ज भरून 'सादर करा' ही कळ दाबली, की पडद्यावर इंग्रजी अक्षरे उमटत: 'फॉरबिडन ४०३. सीएसआरएफ व्हेरिफिकेशन फेल्ड.' म्हणजे मनाई. सुरक्षा-तपासणीत अर्ज उतरला नाही. मुदत संपावयास दोन दिवस उरले होते. खेड्यातून एसटीने तालुक्याच्या गावी आलेली एक विद्यार्थिनी संगणक केंद्रात बसून तीन वेळा सारा अर्ज नव्याने भरीत राहिली आणि शेवटी आपलेच काही चुकत असावे असे समजून परत गेली. चूक तिची नव्हती. मग कोणाची होती? हे समजण्यासाठी आधी थोडी पूर्वतयारी करू.

नाव म्हणजे पत्ता

पाकिटावर आपण 'मु. पो. डोणगाव, ता. मेहकर, जि. बुलढाणा' असा पत्ता लिहितो. लहान घटक आधी आणि मोठा शेवटी. संकेतस्थळाच्या नावाची रचनाही अशीच असते. सर्वांत शेवटी 'इन' असेल तर ते नाव भारताच्या खात्यातील, त्याच्या आधीचे शब्द संस्थेचे. यंत्राचा खरा पत्ता मात्र अंकांत असतो. नाव दिले असता अंक शोधून देणारी व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. तिला डीएनएस म्हणतात. तिच्यापूर्वी जाळ्यातील सर्व यंत्रांची नावे एकाच यादीत लिहून ठेवीत आणि ती यादी सर्वांना वाटीत.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. माणूस आणि यंत्र नाव एकाच रीतीने वाचीत नाहीत. आपल्या जिल्ह्याचे नाव इंग्रजीत दोन प्रकारे लिहिलेले आढळते. एकात 'डी' नंतर 'एच' असतो, दुसऱ्यात नसतो. आपण दोन्ही वाचून 'बुलढाणा' असेच म्हणतो. यंत्राच्या दृष्टीने मात्र ती दोन निरनिराळी गावे आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. नावामागे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावले किंवा न लावले, एवढ्यानेही ब्राउझरच्या लेखी परके आणि आपले असा भेद होतो.

ब्राउझर तर याहूनही काटेकोर असतो. पान कोठून आले हे ठरविताना तो तीन गोष्टी पाहतो. बोलण्याची पद्धत, म्हणजे साधी एचटीटीपी की सुरक्षित एचटीटीपीएस. दुसरे म्हणजे नाव. आणि तिसरे, ज्या क्रमांकाच्या दारातून पान आले तो पोर्ट. या तिन्हींना मिळून आपण 'मूळ' म्हणू. तिन्ही जुळली तरच दोन पाने एका मुळाची. एका मुळाच्या पानाला दुसऱ्या मुळाच्या पानातील मजकूर वाचता येत नाही. हा नियम म्हणजे साऱ्या सुरक्षेचा पाया होय.

पितळी बिल्ला

पूर्वी बँकेत पैसे काढण्याची चिठ्ठी दिली, की कारकून हातात एक पितळी बिल्ला देत असे. बिल्ल्यावरील क्रमांक चिठ्ठीवर टाकलेला असे. रोखपाल क्रमांक पुकारी, बिल्ला आणि चिठ्ठी ताडून पाही आणि मगच नोटा मोजी. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवा. पुढील सर्व गोष्टी त्यातच आहेत.

संकेतस्थळ चालविणारा सर्व्हर फार विसराळू असतो. प्रत्येक वेळी येणारी मागणी त्याला नवी वाटते. म्हणून तो ब्राउझरजवळ एक लहानसा मजकूर ठेवावयास देतो आणि पुढच्या वेळी तो पाहून ओळख पटवितो. या मजकुराला कुकी म्हणतात. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी ही युक्ती काढली. हाच आपला बिल्ला. ज्या नावाच्या संकेतस्थळाने तो दिला, त्याच नावाला ब्राउझर तो दाखवितो, इतरांना नाही.

तथापि यात एक गोम आहे. ब्राउझर हा बिल्ला आपणहून दाखवितो, तुम्हाला विचारीत नाही. समजा, महाविद्यालयातील लिपिक सकाळपासून प्रवेशाच्या कामासाठी संकेतस्थळावर आहेत. मधल्या सुट्टीत त्यांनी एक भलतेच पान उघडले. त्या पानात कोणी लबाडाने एक अदृश्य अर्ज लपविला आहे आणि त्यावर पत्ता महाविद्यालयाचा घातला आहे. पान उघडताच तो अर्ज रवाना होतो, ब्राउझर इमानदारीने लिपिकांचा बिल्ला सोबत जोडतो आणि सर्व्हरला वाटते, लिपिकांनीच गुणवत्ता यादीत बदल केला. सही खरी, चिठ्ठी खोटी! या फसवणुकीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणजे सीएसआरएफ.

यावर उपाय बँकेतलाच. सर्व्हर अर्जाचे पान देताना त्यात एक गुप्त क्रमांक लपवून ठेवतो आणि त्याच्याशी जुळणारा क्रमांक बिल्ल्यातही देतो. अर्ज परत आला की दोन्ही ताडून पाहतो. लबाडाच्या पानाला बिल्ला रवाना करविता येईल. पण गुप्त क्रमांक वाचता येणार नाही, कारण तो दुसऱ्या मुळाच्या पानात आहे. चिठ्ठीवर क्रमांक नाही, मग चिठ्ठी परत!

शिवाय ब्राउझर प्रत्येक अर्जावर टपालखात्यासारखा शिक्का मारतो: 'हा अर्ज अमुक मुळाच्या पानावरून निघाला.' पान लिहिणाऱ्याला तो शिक्का बदलता येत नाही. सर्व्हर तोही वाचतो आणि आपल्या ओळखीच्या मुळांशी ताडून पाहतो.

नाव बदलले की काय होते?

आता कोडे उलगडू लागेल. संकेतस्थळाचे नाव बदलले म्हणजे पाटी बदलली. पण जुने नाव आत अनेक ठिकाणी लिहिलेले असते: अर्ज कोठे पाठवावयाचा त्या पत्त्यात, बिल्ल्यावर, ओळखीच्या मुळांच्या यादीत, प्रमाणपत्रात. २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. अशा वेळी कार्यालयावरील पाटी बदलून काम संपत नाही. शिक्के, नमुने, पावत्या सारे बदलावे लागते. एक शिक्का जुना राहिला तर माणूस समजून घेतो. यंत्र समजून घेत नाही. दोन नावे जुळत नाहीत, तेव्हा काहीतरी खोटे आहे, एवढेच त्याला कळते आणि ते अर्ज अडविते.

म्हणजे पहारेकरी आपले काम चोख बजावीत असतो. त्याला नवे नाव कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

शोध कसा घ्यावा?

प्रयोगशाळेत परिपथ चालत नसेल, तर आपण साऱ्या तारा एकदम उपसून काढीत नाही. एका टोकाकडून सुरुवात करतो, एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि निरीक्षण वहीत लिहितो. येथेही तेच करावे. क्रम असा ठेवावा:

१. दोष एका यंत्रावर आहे की सर्वत्र? एकाच संगणकावर सगळीच संकेतस्थळे असुरक्षित म्हणून दाखविली जात असतील, तर त्याचे घड्याळ पहा. आतील लहान बॅटरी संपली की तारीख मागे जाते आणि आजची प्रमाणपत्रे त्याला अजून सुरूच न झालेली वाटतात. दोष सर्व यंत्रांवर असेल तर संकेतस्थळाकडे वळा.

२. प्रमाणपत्र. एचटीटीपीएससाठी सर्व्हरजवळ आपल्या नावाचे प्रमाणपत्र असावे लागते. त्यात नवे नाव हवे, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह आणि त्याशिवाय, दोन्ही. नसेल तर अर्ज दिसण्याच्या आधीच ब्राउझर धोक्याची सूचना देतो.

३. अर्जाचा पत्ता. पानाचा मूळ मजकूर उघडून अर्ज कोठे जातो ते वाचा. तेथे जुने नाव असेल, तर नव्या पानावरून जुन्या नावाकडे अर्ज जातो. बिल्ला नव्या नावाचा असल्याने सोबत जात नाही आणि शिक्काही परका ठरतो. कधी जुन्या नावावरून नव्याकडे वळविण्याची सोय केलेली असते. पण ३०१ किंवा ३०२ क्रमांकाच्या उत्तराने वळविले, तर ब्राउझर सामान्यतः भरलेला मजकूर वाटेतच सोडून फक्त पान मागतो. मजकुरासह वळवावयाचे असेल तर ३०७ किंवा ३०८ लागते.

४. बिल्ला. ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबून कुकी पहा. सर्व्हर नव्या नावावरून 'हा बिल्ला जुन्या नावाचा' असे म्हणून देत असेल, तर ब्राउझर तो स्वीकारीतच नाही. मग ताडून पाहण्यास काही उरत नाही.

५. सर्व्हरची यादी. ओळखीची नावे आणि विश्वासाची मुळे यांच्या याद्यांत नवे नाव घातले आहे काय? जँगो या प्रणालीच्या डिसेंबर २०२१ मधील ४.० आवृत्तीपासून विश्वासाच्या मुळांच्या यादीत नुसते नाव चालत नाही. त्याच्या आधी एचटीटीपीएस ही पद्धतही लिहावी लागते. पुष्कळदा सर्व्हरच्या पुढे दुसरा मध्यस्थ सर्व्हर असतो. बाहेर सुरक्षित आणि आत साधी पद्धत असेल आणि मध्यस्थाने तसे कळविले नाही, तर नाव बरोबर असूनही मूळ जुळत नाही.

६. बाहेरच्या सेवा. 'मी यंत्रमानव नाही' ही चौकट किंवा शुल्क भरण्याची सोय ज्यांच्याकडून घेतली, त्यांच्याकडेही जुनेच नाव नोंदलेले असते. तेथे नव्याची नोंद करावी.

७. जुना साठा. नाव आणि अंक यांची जोडी ठिकठिकाणी काही काळ साठवून ठेवलेली असते. हा काळ ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवसही असू शकतो. म्हणून बदल करण्याच्या आधीच तो ३०० सेकंदांवर आणून ठेवणे शहाणपणाचे. साठवलेले जुने पान उघडले तर त्यात जुना गुप्त क्रमांक असतो. यासाठी ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून पुन्हा पहावे.

आमचा शोध

आम्ही याच क्रमाने गेलो. मदतीला माझा एक माजी विद्यार्थी होता. पहिल्या दोन पायऱ्या ठीक निघाल्या. तिसरीवर दोष सापडला: अर्जाच्या पत्त्यात जुने नाव होते. ते बदलले, मोठ्या आशेने कळ दाबली आणि पुन्हा तेच: ४०३!

येथे बहुतेक जण धीर सोडतात आणि 'तो दोष नव्हताच' असे समजून केलेली दुरुस्ती परत फिरवितात. असे करू नका. एकसरी जोडणीत तार दोन ठिकाणी तुटली असेल, तर एक जागा जोडून दिवा लागत नाही. म्हणून ती जागा तुटलेली नव्हती असे होत नाही. आम्ही पहिली दुरुस्ती तशीच ठेवली आणि चौथ्या पायरीवर आलो. कुकीच्या यादीत अपेक्षित बिल्लाच नव्हता. सर्व्हरच्या मांडणीत बिल्ल्यासाठी जुने नाव कायम केलेले होते. ती एक ओळ बदलली आणि अर्ज स्वीकारला गेला.

पण त्याआधी घडलेली गोष्ट सांगावयास हवी. दुसरा ४०३ आला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. लिपिक काकुळतीने म्हणाले, "सर, ही तपासणीच बंद करून टाकू या का? दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." त्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलांचे अर्ज अडले होते आणि दूरध्वनी थांबत नव्हते. तपासणी बंद केली असती तर अर्ज त्या क्षणी गेले असते हेही खरे. पण तीच ती जाड तार! ज्या दोन दिवसांत शेकडो अर्ज येणार आणि लिपिक दिवसभर संकेतस्थळावर राहणार, नेमके त्याच दोन दिवसांत दार सताड उघडे ठेवणे झाले असते. शिवाय सगळे सुरळीत दिसू लागल्यावर ती तपासणी पुन्हा सुरू करण्याची आठवण कोणाला राहते? विश्वासाच्या यादीत 'कोणीही चालेल' अशी खूण घालणे हाही त्याच जातीचा उपाय होय.

जुने नाव सोडू नका

आणखी एक काळजी घ्यावी लागते. नाव विकत मिळत नाही. ठराविक मुदतीसाठी आपल्या नावे नोंदले जाते. नवे घेतले म्हणून जुन्याची नोंद सोडून दिली, तर दुसरा कोणीही ते घेऊ शकतो. जुन्या माहितीपत्रकांवर, भिंतींवर, मुलांच्या वह्यांत ते नाव वर्षानुवर्षे राहते. त्या पत्त्यावर कोणी हुबेहूब अर्ज मांडून शुल्क गोळा करू लागला, तर ब्राउझर त्याला अडविणार नाही, कारण त्या नावाचे खरे प्रमाणपत्र त्याला मिळू शकेल.

नावाचे हे महत्त्व ओळखूनच रिझर्व्ह बँकेने २०२५ साली देशातील बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या शेपटाचे नाव घेण्यास सांगितले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. ही नावे हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेमार्फतच दिली जातात. बँक नसलेल्याला ते शेपूट मिळू नये हा त्यातील हेतू. अर्थात प्रत्येक बँकेला वर सांगितलेली सारी तपासणी आपापल्या घरी करावी लागणार हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

वहीतील नावे

अर्ज सुरू झाला तेव्हा आमच्यापुढे शेवटचा प्रश्न आला. ज्यांचे अर्ज परत गेले ती मुले कोण? सर्व्हरच्या नोंदवहीत ४०३ चे आकडे होते, वेळा होत्या. पण नाव एकही नव्हते. दारातूनच परत पाठविलेल्या चिठ्ठीवरचे नाव कोण वाचणार? संगणक केंद्राच्या मालकांनी मात्र आपल्या साध्या शंभर पानी वहीत आलेल्या प्रत्येकाचे नाव आणि गाव लिहून ठेवले होते. त्यात एकोणीस नावे निघाली. रात्री त्या सर्वांना निरोप गेले. तीन वेळा अर्ज भरून परत गेलेली मुलगी दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आली आणि चौथ्या वेळी तिचा अर्ज गेला.

जी मुले इतरत्र बसून अर्ज भरीत होती आणि मुकाट्याने परत गेली, त्यांची नावे कोणत्याच वहीत नव्हती. म्हणून नाव बदलणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे. बदल मुदतीच्या तोंडावर करू नका. केल्यावर स्वतः एक अर्ज शेवटपर्यंत भरून पहा, आणि नकाराच्या पानावर आपल्या भाषेत दोन ओळी लिहा: 'दोष आमच्याकडील असू शकतो. या क्रमांकावर कळवा.'

करून पहा

१. शिक्षकांच्या मदतीने शाळेच्या संगणकावर पायथॉनचा साधा सर्व्हर चालवा. तेच पान एकदा 'लोकलहोस्ट' या नावाने आणि एकदा '१२७.०.०.१' या अंकांनी उघडा. पहिल्यावर एक कुकी तयार करा. दुसऱ्यावर ती दिसते का? यंत्र तर एकच आहे!

२. एखाद्या शासकीय संकेतस्थळाच्या नावाशेजारील चिन्हावर टिचकी मारून त्याचे प्रमाणपत्र उघडा. त्यात किती नावे लिहिली आहेत आणि मुदत केव्हा संपते ते वहीत नोंदवा.

३. विचार करा: लबाडाच्या पानाला गुप्त क्रमांक वाचता आला असता, तर पितळी बिल्ल्याच्या पद्धतीचा काही उपयोग राहिला असता काय? का?